क्लाऊडवरील वेब प्रणालीतील त्रुटी-व्यवस्थापन : एएसपी.नेट व ॲझ्युर ॲप सर्व्हिस यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयांचे प्रवेश, परीक्षा अर्ज, शुल्कभरणा आणि निकाल ही कामे आज वेब प्रणालींद्वारे होतात व या प्रणाली बहुधा क्लाऊडवर असतात. प्रणाली चालते तेव्हा ती कशी चालते याकडे सर्वांचे लक्ष असते. ती बिघडते तेव्हा वापरकर्त्याला काय दिसते आणि व्यवस्थापकाच्या हाती काय उरते, याचा विचार मात्र अभावानेच होतो. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या एएसपी.नेट तंत्रावर बांधलेल्या व ॲझ्युर ॲप सर्व्हिसवर ठेवलेल्या वेब प्रणालीच्या संदर्भात त्रुटी-व्यवस्थापनाच्या मांडणीचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : त्रुटी-व्यवस्थापन, क्लाऊड संगणन, एएसपी.नेट, स्थिती-क्रमांक, नोंदव्यवस्था.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ऑनलाईन प्रवेशप्रक्रियेच्या तांत्रिक समितीवर काम करण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. अर्ज भरण्याच्या अंतिम दिवशी रात्री एका विद्यार्थिनीने मोबाईलवर काढलेले गुणपत्रिकेचे छायाचित्र अर्जाला जोडले. 'सादर करा' हे बटण दाबताच तिच्यासमोर पिवळ्या पट्टीचे एक इंग्रजी पान उघडले. त्यावर सर्व्हरवरील फाईलींचे मार्ग आणि प्रोग्रॅममधील ओळींचे क्रमांक होते. तिला त्यातून एवढाच बोध झाला की संकेतस्थळ बंद पडले आहे. दुसऱ्या दिवशी ती वडिलांसह महाविद्यालयात आली आणि आपण मुदतीत प्रयत्न केला होता असे सांगू लागली. समितीने नोंदी तपासल्या, तेव्हा त्या रात्रीची एकही नोंद सापडली नाही. तिचे म्हणणे खरे मानावे तर पुरावा नव्हता आणि खोटे मानण्यासही आधार नव्हता. पुढील फेरीत तिला प्रवेश मिळाला, परंतु तिला हव्या असलेल्या विषयाची जागा तोवर भरून गेली होती.

यात दोष क्लाऊड सेवेचा नव्हता, तसाच तो त्या विद्यार्थिनीचाही नव्हता. तो आमच्या मांडणीचा होता. फाईलच्या आकाराची मर्यादा, त्रुटीचे पान आणि नोंदव्यवस्था या तिन्ही बाबी आम्ही 'आहे तशा' ठेवल्या होत्या किंवा घाईत बदलून विसरलो होतो. या अनुभवातूनच प्रस्तुत विषयाच्या अभ्यासाची निकड जाणवली.

२. लेखाची उद्दिष्टे

१) क्लाऊडवरील वेब प्रणालीत त्रुटी कोणकोणत्या स्तरांवर उद्भवतात हे स्पष्ट करणे.
२) एएसपी.नेटमधील त्रुटीविषयक मांडणीचे पर्याय व त्यांचे परिणाम समजावून घेणे.
३) त्रुटी-संदेशांचा सुरक्षिततेशी असलेला संबंध तपासणे.
४) महाविद्यालयांसाठी उपयुक्त अशा व्यवहार्य सूचना मांडणे.

३. त्रुटीचे तीन स्तर

वापरकर्त्याच्या दृष्टीने 'साईट चालत नाही' ही एकच घटना असते. प्रत्यक्षात ॲप सर्व्हिसवरील विनंती तीन दारांतून आत जाते आणि त्यांपैकी कोणत्याही दारात ती अडू शकते.

पहिले दार क्लाऊड सेवेचे स्वतःचे असते. बाहेरून येणारी विनंती प्रथम भारवाटप करणाऱ्या यंत्रणेकडे येते व तेथून आपल्या प्रणालीकडे पाठवली जाते. विंडोज-आधारित ॲप सर्व्हिसमध्ये एखाद्या विनंतीला साधारण २३० सेकंदांत उत्तर न मिळाल्यास ही यंत्रणाच ती संपुष्टात आणते. हजारो विद्यार्थ्यांची गुणवत्ता यादी एकाच विनंतीत पीडीएफ स्वरूपात तयार करू पाहणाऱ्या प्रणालीला हा अनुभव हमखास येतो. येथे उद्भवलेली त्रुटी आपल्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे आपण कितीही सुबक त्रुटी-पान तयार केले असले तरी ते दिसत नाही. प्रणाली सुरूच होऊ न शकल्यास येणाऱ्या ५०३ सारख्या उत्तरांबाबतही बहुधा असेच घडते. यावर उपाय पानाचा नसून कामाच्या विभागणीचा आहे. दीर्घ काम पार्श्वभूमीवर चालवावे व वापरकर्त्यास 'यादी तयार होत आहे' असे उत्तर त्वरित द्यावे.

दुसरे दार आयआयएस या वेब सर्व्हरचे होय. विनंती फार मोठी असणे, मागितलेली स्थिर फाईल अस्तित्वात नसणे अशा बाबी येथे अडतात. तिसरे दार प्रत्यक्ष एएसपी.नेट प्रणालीचे आहे. प्रोग्रॅममधील अपवादात्मक स्थिती, डेटाबेसशी तुटलेला संपर्क इत्यादी त्रुटी येथे उद्भवतात.

फाईलच्या आकाराचे उदाहरण या दोन दारांमधील फरक स्पष्ट करते. जुन्या एएसपी.नेट फ्रेमवर्कमध्ये विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा ४०९६ किलोबाईट, म्हणजे ४ मेगाबाईट इतकी आहे. आयआयएसची मूळ मर्यादा मात्र ३,००,००,००० बाईट, म्हणजे सुमारे २८.६ मेगाबाईट आहे. पहिली मर्यादा ओलांडल्यास एएसपी.नेटचा अपवाद उद्भवतो. दुसरी ओलांडल्यास आयआयएस स्वतः विनंती नाकारते आणि आयआयएसच्या दस्तऐवजांत या नकारासाठी ४०४.१३ हा उपक्रमांक दिलेला आहे. ४०४ याचा रूढ अर्थ 'पान सापडले नाही' असा असल्याने मोठी फाईल जोडणाऱ्यास 'अर्जाचे पानच नाही' असा विपरीत संदेश मिळू शकतो. आजच्या मोबाईलवरील एक छायाचित्र ४ मेगाबाईटची सीमा सहज ओलांडते. उपरोक्त विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच घडले होते. अशी त्रुटी उद्भवू न देणे, म्हणजे फाईल निवडताक्षणीच तिचा आकार तपासून मराठीत सूचना देणे, हा खरा उपाय होय. त्रुटी-पान ही त्यामागील दुसरी तटबंदी समजावी.

४. 'कस्टमएरर्स' व 'एचटीटीपीएरर्स' : मांडणीचे विवेचन

एएसपी.नेट फ्रेमवर्कमध्ये त्रुटीविषयक मांडणी 'वेब.कॉन्फिग' या फाईलमध्ये केली जाते. तिच्यातील 'कस्टमएरर्स' हा घटक प्रणालीच्या स्तरावरील त्रुटींसाठी, तर 'एचटीटीपीएरर्स' हा घटक आयआयएसच्या स्तरावरील त्रुटींसाठी आहे. केवळ पहिल्याची मांडणी करून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे ही सर्वसामान्य चूक आहे.

'कस्टमएरर्स'च्या तीन अवस्था आहेत. 'ऑन' असता सर्वांना सौम्य पान दिसते आणि 'ऑफ' असता सर्वांना संपूर्ण तांत्रिक तपशील दिसतो. 'रिमोटओन्ली' ही मूळ अवस्था असून तिच्यात सर्व्हरवरूनच पाहणाऱ्यास तपशील व बाहेरून पाहणाऱ्यास सौम्य पान मिळते. ही तिसरी अवस्था ज्या काळात रूढ झाली, त्या काळात सर्व्हर संस्थेच्याच एखाद्या खोलीत असे. बिघाड झाल्यास प्रोग्रॅमर त्या खोलीत जाऊन पडद्यावर तपशील वाचत असे. क्लाऊडमध्ये ही खोलीच उरली नाही. सर्व्हर पुण्यातील माहिती-केंद्रात असो वा परदेशात, प्रोग्रॅमर नेहमी 'बाहेरचा'च असतो. परिणामी बिघाडाच्या वेळी त्यालाही केवळ 'रनटाईम एरर' एवढेच दिसते आणि कारण कळावे म्हणून तो ही अवस्था तात्पुरती 'ऑफ' करतो. ही 'तात्पुरती' सोय पुढे तशीच राहते. आमच्या समितीकडून नेमके हेच झाले. निष्काळजीपणापेक्षाही बदललेल्या परिस्थितीत जुन्या सोयीवर विसंबून राहणे, हे या चुकीचे मूळ आहे. ज्याला तपशील हवा आहे त्याला तो अन्य मार्गाने मिळण्याची सोय आधीच केलेली असेल, तरच 'ऑफ' करण्याचा मोह टळतो. तो मार्ग म्हणजे नोंदव्यवस्था. तिचा विचार सहाव्या विभागात केला आहे.

दुसरा महत्त्वाचा मुद्दा स्थिती-क्रमांकाचा आहे. 'कस्टमएरर्स' मूळ स्वरूपात त्रुटी आल्यावर वापरकर्त्याला दुसऱ्या पानाकडे वळवते. म्हणजे प्रथम ३०२ आणि नंतर त्रुटी-पानासह २०० हा क्रमांक जातो. २०० याचा अर्थ 'सर्व यथास्थित'. पानावर 'क्षमस्व' लिहिलेले आणि क्रमांक मात्र यशाचा, म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असा हा प्रकार होय. मनुष्य पान वाचून सावध होतो, पण यंत्रे क्रमांकच वाचतात. प्रणाली जिवंत आहे की नाही हे तपासणारी देखरेख यंत्रणा २०० पाहून निश्चिंत राहते. शोधयंत्रे त्रुटी-पानालाच मजकूर समजून त्याची नोंद करतात.

यावर एएसपी.नेट ३.५ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये (२००८) 'रिस्पॉन्सरीराईट' हा पर्याय उपलब्ध झाला. यात पत्ता न बदलता त्याच उत्तरात त्रुटी-पान दिले जाते. मात्र ते पान स्थिर एचटीएमएल असल्यास क्रमांक २०० राहू शकतो. म्हणून '.एएसपीएक्स' स्वरूपाचे पान ठेवून त्यात योग्य क्रमांक स्पष्टपणे लिहावा लागतो. त्याचबरोबर 'एचटीटीपीएरर्स'मधील 'एक्झिस्टिंगरिस्पॉन्स' या गुणधर्माकडे लक्ष द्यावे. त्याचे मूल्य 'रिप्लेस' असता आयआयएस आपले पान पुसून स्वतःचे देते, 'पासथ्रू' असता प्रणालीचे उत्तर जसेच्या तसे जाऊ देते आणि 'ऑटो' असता प्रणालीने दिलेल्या संकेतानुसार निर्णय घेते. 'स्थानिक यंत्रावर आमचे पान दिसते, क्लाऊडवर मात्र दिसत नाही' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

५. त्रुटी-संदेश आणि सुरक्षितता

त्रुटीचा तपशील जगजाहीर होणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. सप्टेंबर २०१० मध्ये थाई ड्युओंग व हुलियानो रिझ्झो या संशोधकांनी एएसपी.नेटवरील 'पॅडिंग ओरॅकल' हल्ल्याचे प्रात्यक्षिक ब्युनोस आयरिस येथील परिषदेत मांडले. या हल्ल्याचे तत्त्व उद्बोधक आहे. हल्लेखोर सांकेतिक मजकुरात अल्पसा बदल करून तो सर्व्हरकडे पाठवतो. बदललेल्या मजकुराची भरती चुकीची असल्यास सर्व्हर एका प्रकारची त्रुटी देतो, ती योग्य ठरून पुढे अन्यत्र चूक झाल्यास दुसऱ्या प्रकारची. असे प्रयत्न पुनःपुन्हा केल्यास केवळ या फरकावरून, किल्ली ठाऊक नसतानाही, मजकूर उलगडता येतो. म्हणजे त्रुटीचा तपशील दिसण्याचीही गरज नाही. दोन त्रुटींमधील भेद कळला तरी पुरते.

मायक्रोसॉफ्टने कायमस्वरूपी दुरुस्ती २८ सप्टेंबर २०१० रोजी प्रसिद्ध केली. तोपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून 'कस्टमएरर्स' 'ऑन' ठेवावे, ४०४ असो वा ५००, सर्व त्रुटींसाठी एकच पान द्यावे आणि त्या पानात अनियमित कालावधीचा विलंब ठेवावा, असे सुचविले होते. दुरुस्ती झाल्यामुळे आज ४०४ व ५०० यांसाठी वेगळी पाने ठेवण्यास प्रत्यवाय नाही. तथापि तत्त्व कायम आहे. सर्व्हरच्या अंतर्भागाविषयी बाहेर जाणारा प्रत्येक शब्द हा हल्लेखोराला मिळालेला धागा असतो. ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत सदोष सुरक्षा-मांडणी पाचव्या स्थानी आहे. अतितपशीलवार त्रुटी-संदेशांचा उल्लेख तेथे स्पष्टपणे केलेला आढळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे येथे अक्षरशः लागू पडते.

६. नोंदव्यवस्था : प्रणालीची स्मृती

वापरकर्त्यापासून तपशील झाकला, तरी तो नष्ट होऊन चालत नाही. तो सुरक्षित ठिकाणी नोंदला गेला पाहिजे. क्लाऊडमध्ये या बाबतीत दोन गैरसमज आढळतात.

पहिला गैरसमज असा की नोंदी एकदा सुरू केल्या की त्या सुरूच राहतात. विंडोजवरील ॲप सर्व्हिसमध्ये प्रणालीच्या नोंदी फाईल-यंत्रणेत लिहिण्याचा पर्याय केवळ तात्पुरत्या तपासणीसाठी असून तो १२ तासांनंतर आपोआप बंद होतो. आमच्या समितीने एका किरकोळ तक्रारीसाठी हा पर्याय आठवडाभर आधी सुरू केला होता व तो सुरूच आहे असे आम्ही सर्व जण समजून चाललो होतो. दुसरा गैरसमज असा की सर्व्हर एकच आहे. क्लाऊडमध्ये गरजेनुसार सर्व्हरच्या प्रती वाढतात, कमी होतात व पुन्हा सुरू होतात. एल्माह हे आतिफ अझिझ यांनी विकसित केलेले त्रुटी-नोंदणीचे लोकप्रिय साधन मूळ मांडणीत नोंदी यंत्राच्या स्मृतीत ठेवते. प्रणाली पुन्हा सुरू झाली की त्या नाहीशा होतात. म्हणून नोंदी डेटाबेस, ब्लॉब साठवण किंवा ॲप्लिकेशन इनसाईट्ससारख्या स्वतंत्र सेवेत ठेवणे आवश्यक ठरते. एल्माहचे पान दूरस्थ पाहणीसाठी खुले केल्यास त्यावर अधिकृत प्रवेशाचे बंधन घालावे. अन्यथा झाकलेली मूठ मागच्या दाराने उघडी पडते.

नोंदीत काय असावे याइतकेच काय नसावे हेही महत्त्वाचे आहे. प्रवेश-अर्जात आधार क्रमांक, जातप्रमाणपत्र, बँक खाते असे तपशील असतात. संपूर्ण अर्ज जसाच्या तसा त्रुटीसह नोंदवणे सोयीचे वाटले, तरी ते विद्यार्थ्यांच्या खासगीपणास बाधक आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम लक्षात घेता याबाबत संस्थांनी अधिक दक्ष राहावयास हवे. नोंदीत वेळ, पानाचा पत्ता, त्रुटीचा प्रकार आणि एक संदर्भ क्रमांक एवढे असावे. तोच संदर्भ क्रमांक वापरकर्त्याच्या पानावर दाखवावा. त्या विद्यार्थिनीच्या हाती असा एक क्रमांक असता आणि आमच्या नोंदीत त्याची जोडी सापडली असती, तर तिच्या प्रश्नाचा निर्णय पाच मिनिटांत झाला असता.

७. क्षणिक त्रुटी व पुनःप्रयत्न

क्लाऊडमधील काही त्रुटी स्वभावतःच क्षणिक असतात. ॲझ्युर एसक्यूएल डेटाबेस अंतर्गत स्थलांतराच्या वेळी काही काळ अनुपलब्ध होऊ शकतो व ४०६१३ क्रमांकाची त्रुटी देतो. सेवा अतिव्यस्त असल्यास ४०५०१ ही त्रुटी येते. अशा वेळी विद्यार्थ्याला लगेच त्रुटी-पान दाखवण्याऐवजी प्रणालीने थोडे थांबून, दर खेपेस थांबण्याचा काळ वाढवत, मोजके पुनःप्रयत्न करावेत. एंटिटी फ्रेमवर्कच्या ६ व्या आवृत्तीपासून यासाठी तयार व्यवस्था उपलब्ध आहे.

मात्र प्रत्येक कृतीचा पुनःप्रयत्न निर्धोक नसतो. यादी पुन्हा वाचल्याने काही बिघडत नाही, पण शुल्क पुन्हा आकारल्यास बिघडते. पहिल्या प्रयत्नात शुल्क जमा झाले आणि केवळ उत्तर परत येताना संपर्क तुटला, अशी शक्यता नेहमीच असते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला आधीच एक विशिष्ट क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाचा व्यवहार एकदाच नोंदला जाईल अशी अट डेटाबेसमध्ये ठेवावी.

८. एएसपी.नेट कोअरमधील बदल

जून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एएसपी.नेट कोअरमध्ये 'कस्टमएरर्स' हा घटक राहिला नाही. तेथे प्रणालीच्या सुरुवातीलाच 'यूजएक्सेप्शनहँडलर' ही कडी जोडली जाते. ती साखळीत अगदी आरंभी असावी, कारण तिच्या आधीच्या कड्यांमधील त्रुटी तिला दिसत नाहीत. सविस्तर तपशिलाचे पान केवळ 'डेव्हलपमेंट' वातावरणात दाखवायचे असते. वातावरण कोणते हे 'एएसपीनेटकोअर_एन्व्हायर्नमेंट' या चलावरून ठरते आणि ते दिलेले नसल्यास 'प्रॉडक्शन' गृहीत धरले जाते. विसरल्यास सुरक्षित बाजूला झुकणारी ही रचना निश्चितच स्वागतार्ह आहे.

तरीही येथे एक सापळा आहे. ॲप सर्व्हिसमध्ये चाचणीसाठी वेगळा 'स्लॉट' ठेवून नंतर तो मुख्य स्लॉटशी अदलाबदल करण्याची सोय आहे. चाचणी-स्लॉटमध्ये वरील चलाला 'डेव्हलपमेंट' हे मूल्य दिले आणि ते त्या स्लॉटपुरतेच बांधील आहे अशी खूण केली नाही, तर अदलाबदलीच्या वेळी ते मूल्यही मुख्य प्रणालीत जाते. पूर्वी 'ऑफ' करून विसरण्यात जी चूक होती, तीच येथे नव्या वेषात अवतरते.

९. सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे महाविद्यालयांसाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) मुख्य प्रणालीत तपशीलवार त्रुटी-पान कोणत्याही कारणास्तव सुरू करू नये.
२) त्रुटी-पान मराठीत असावे. काय झाले, भरलेली माहिती जतन झाली की नाही, आता काय करावे आणि संदर्भ क्रमांक या चार बाबी त्यावर असाव्यात. हे पान डेटाबेसवर अवलंबून नसावे, कारण बिघाड तेथेच असू शकतो. फाईल यूटीएफ-८ स्वरूपात जतन करून पानात तसा निर्देश करावा, अन्यथा देवनागरी अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.
३) प्रत्येक त्रुटी-पानाचा स्थिती-क्रमांक प्रत्यक्ष तपासावा.
४) नोंदी स्वतंत्र सेवेत ठेवाव्यात व त्या येत आहेत याची दररोज खात्री करावी.
५) प्रवेशप्रक्रियेपूर्वी मुद्दाम त्रुटी घडवून रंगीत तालीम घ्यावी. अस्तित्वात नसलेले पान, ५ मेगाबाईटची फाईल, ३५ मेगाबाईटची फाईल आणि डेटाबेसचा तुटलेला संपर्क या चार स्थिती महाविद्यालयाच्या जाळ्याबाहेरील साध्या मोबाईलवरून तपासाव्यात.

१०. समारोप

कोणतीही प्रणाली कधीच बिघडणार नाही असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही. बिघाडाच्या क्षणी वापरकर्त्याशी सभ्यपणे व स्पष्टपणे बोलावे, यंत्रांना खरा स्थिती-क्रमांक द्यावा, हल्लेखोराला काहीही सांगू नये आणि घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवावी, एवढे मात्र निश्चितपणे साधता येते. यातील बहुतांश काम संरचना-फाईलमधील काही ओळींचे आणि एका दिवसाच्या तपासणीचे आहे. या घटनेनंतरच्या वर्षी आमच्या समितीने ते केले. अंतिम दिवशी आलेल्या तक्रारींतील प्रत्येक संदर्भ क्रमांक नोंदीत सापडला आणि 'मी प्रयत्न केला होता' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला पुरावा मागण्याची वेळ महाविद्यालयावर पुन्हा आली नाही.